फळांच्या खोलीतलं फूल

बादलीची कडी खण्णकन आदळली आणि सत्तर माणसांनी श्वास रोखून सांभाळलेली शांतता मोडली. सगळ्या माना एकदम वळल्या. शीतगृहातल्या फळांच्या खोलीच्या कोपऱ्यात पारेबाई रिकामी बादली घेऊन उभी होती. जमिनीवर पाणी शिंपडून झालं होतं आणि बादली खाली ठेवताना हात सटकला होता. तिचे कान गरम झाले.

“चालू दे, माई,” महाराज डोळे न उघडता म्हणाले. “सेवेचा आवाज होतो. पापाचा होत नाही.”

लोकांना हे वाक्य फार आवडलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने ते शेजारणीला पुन्हा म्हणूनही दाखवलं. मग सगळे परत काचेकडे वळले.

काच वहीच्या पानाएवढी होती, मागून काळी रंगवलेली. ती एका पसरट पत्र्याच्या डब्यावर ठेवलेली आणि डब्यात बर्फ नि मीठ कालवलेलं. यातलं काहीच महाराज लपवत नसत. “बर्फ बाजारचा, मीठ घरचं, फूल मात्र त्याचं,” असं म्हणून ते वर बोट दाखवत. वर छताला गार हवेच्या नळ्या होत्या, पण तिकडे कुणी बघत नसे.

काचेच्या वर वीतभर अंतरावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींनी हात धरला होता. हात गारठला होता, पण मागे घ्यायची सोय नव्हती. आधी काच धुरकटली. मग कडेला एक पांढरी काडी फुटली, काडीला दोन्ही बाजूंनी फांद्या, फांद्यांना आणखी बारीक फांद्या, सगळ्या एकाच तिरक्या कलाने, जणू कुणी पट्टी लावून आखल्यात. पंधरा-वीस मिनिटांत काळ्या काचेवर नेच्याच्या पानांचा झुपका असावा तसं बर्फाचं फूल उमललं. कानटोप्या घातलेल्या गर्दीतून एक लांबच लांब हुंकार निघाला.

“सोडलं,” महाराज म्हणाले. “शरीराने दुखणं सोडलं. आता तुम्ही काय सोडणार?”

घड्याळजींनी कोटाच्या खिशातून रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि टोपलीत टाकलं. टोपलीत काय नव्हतं? थायरॉइडच्या गोळ्या, फिटची औषधं, डोळ्यांचे थेंब, आणि सगळ्यांत तळाशी एका लहान मुलीचा श्वासाचा पंप. त्याच्यावर सशाचं चित्र चिकटवलेलं होतं. तो पंप दोन आठवड्यांपूर्वी पारेबाईने स्वतःच्या हाताने तिथे ठेवला होता, आणि त्या रविवारीसुद्धा टोपलीकडे बघताना तिला अभिमानच वाटत होता. हे कधीतरी सांगावं लागणारच, तर सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं.

पारेबाई हे काही तिचं नाव नव्हे. शीतगृहात तिला सगळे असंच म्हणत, कारण तिचं कामच पारे बघायचं. शीतगृहात मोठ्या खोल्या दोन. एकीत फळं, दुसरीत पेरणीचं बियाणं. गारवा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच, हवा मात्र वेगळी. फळांना ओली हवा लागते, नाहीतर ती सुरकुततात. बियाण्याला कोरडी लागते, नाहीतर बुरशी धरते. म्हणून फळांच्या खोलीत दिवसातून चारदा जमिनीवर पाणी शिंपडायचं, आणि बियाण्यांच्या खोलीत हवा सुकवणारं यंत्र घरघरत ठेवायचं. दोन्हीकडच्या भिंतीवर दोन-दोन तापमापक टांगलेले. एक उघडा, दुसऱ्याच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळलेली. दोघांतला फरक बघायचा, तक्त्यावर बोट सरकवायचं आणि हवेत ओलावा किती टक्के ते वहीत लिहायचं. फळं, त्र्याण्णव. बियाणं, छत्तीस. नऊ वर्षं ती हेच दोन आकडे, एखाददुसऱ्या टक्क्याने इकडेतिकडे, लिहीत आली होती.

महाराज आधी नाट्यगृहाच्या तळघरात बसायचे. तिथे कधी फूल यायचं, कधी नाही, आणि कुणाला येईल याचा महाराजांनाही भरवसा नसायचा. एकदा तर देणगी देणाऱ्याला आलं नाही आणि झाडू मारणाऱ्याला आलं, अशी गोष्ट शीतगृहातले फोर्कलिफ्टवाले काका मिटक्या मारत सांगायचे. मग मालकांच्या गुडघेदुखीमुळे महाराजांची पावलं शीतगृहाला लागली. मालकांनी पारेबाईला हाक मारली आणि सांगितलं, यांना सगळं दाखव.

तिने दाखवलं. महाराज पाऊण तास तिच्याबरोबर फिरले. दोन तापमापक कशाला, चिंधी ओली कशाला, पाणी किती वेळा, यंत्र बंद पडलं तर काय होतं, सगळं त्यांनी विचारलं आणि मान डोलावत ऐकलं. नऊ वर्षांत तिच्या कामाबद्दल कुणी तिला इतकं विचारलं नव्हतं. नवरा मालमोटारीवर असायचा, महिन्यातून आठ दिवस घरी, आणि तेव्हाही तो झोपलेलाच. त्यामुळे महाराज जाताना “माई, तुझ्या हाती फार मोठी विद्या आहे” म्हणाले, तेव्हा तिला भरून आलं. आपण चोराला घराचा नकाशा काढून दिला, हे तिला तेव्हा कळलं नाही. पुढे कितीतरी दिवस हे आठवलं की ती हातातलं काम टाकून उभी राहायची.

पुढच्याच रविवारी महाराजांनी नवा नियम काढला. प्रत्येकाच्या बैठका दोन. पहिली बियाण्यांच्या खोलीत, ती कसोटीची. दुसरी आठवड्याने फळांच्या खोलीत, ती कृपेची. “बी म्हणजे जे अजून उघडलं नाही. फळ म्हणजे जे पिकलं. माणसाचं काय वेगळं असतं?” हेही लोकांना फार आवडलं. कसोटीच्या बैठकीत काचेवर फूल येत नसे. मीठ सांडावं तसे चपटे, सुटे कण तेवढे दिसत. मग महाराज मान हलवत आणि म्हणत, “मन कोरडं आहे. आठवडाभर रडून ये.”

मन कोरडं आहे. हा शब्द त्यांनी तिच्याच वहीतून उचलला होता.

तिची टिल्ली सात वर्षांची. तीन वर्षांपासून दमा. सकाळ-संध्याकाळ पंप, जिना चढताना मध्ये थांबणं, वाढदिवसाला फुगा फुगवायला दुसरं कुणीतरी. कसोटीच्या बैठकीत टिल्लीच्या काचेवर मीठ सांडलं आणि सत्तर माणसांसमोर तिचं मन कोरडं ठरलं. घरी येऊन पोर पांघरुणात शिरून रडली. आई तिला थोपटत राहिली आणि मनात म्हणाली, रड बाळा, ओली होशील. हेही सांगून टाकायलाच हवं.

आठवड्याने फळांच्या खोलीत टिल्लीच्या इवल्याशा तळव्याखाली इतकं मोठं फूल आलं की त्याची टोकं काचेबाहेर गेली. पंप टोपलीत गेला. त्यानंतर पारेबाई भेटेल त्याला ते फूल सांगत सुटली. दूधवाल्याला, शाळेच्या शिपायाला, आणि सगळ्यांत आधी ताईला.

ताई म्हणजे तिची नणंद. नवऱ्याहून सहा वर्षांनी मोठी, कपडे इस्त्री करायचं दुकान चालवणारी, तोंडाने फटकळ. विसाव्या वर्षापासून तिला इन्सुलिनचं इंजेक्शन लागायचं. दिवसातून चारदा पोटाला टोचायचं. आपल्या पोटाची चाळणी झालीय, पीठ चाळायला घ्या, असं ती म्हणायची. ताई कुठल्या महाराजाच्या वाऱ्याला उभी राहणारी नव्हती. पण वहिनी रोज दुकानात येऊन टिल्ली कशी जिने चढते ते सांगायला लागली, तेव्हा एक दिवस इस्त्री बाजूला ठेवून ताई म्हणाली, “तू पारे बघणारी बाई. तू सांगतेस म्हणजे काहीतरी असेल.”

घड्याळजींचं फूल आलं त्याच रविवारी ताईची कसोटीची बैठक झाली. मीठ. पुढच्या रविवारी कृपेची. इन्सुलिनच्या सुईचं पेन टोपलीत टाकायचं हे ताईने ठरवूनच ठेवलं होतं.

मधल्या गुरुवारी दुपारी पारेबाई जेवायला घरी आली. टिल्लीला शाळेला सुट्टी होती आणि शेजारच्या काकू तिच्यावर लक्ष ठेवून होत्या. घरात सामसूम. स्वयंपाकघरात बघते तर टिल्ली स्टुलावर उभी, फ्रीजचा वरचा बर्फाचा कप्पा उघडा, आणि पोर आत डोकं खुपसून काहीतरी करतेय. आईने काय चाललंय म्हणून दरडावलं तेव्हा ती दचकली आणि तिच्या हातातला कप कलंडला. कपात गरम पाणी होतं.

“फूल करतेय,” टिल्ली म्हणाली.

कप्प्यात डब्याचं काळं झाकण उभं करून ठेवलेलं होतं आणि त्याच्यावर फूल होतं. छोटं, वेडंवाकडं, पण तशाच फांद्यांचं.

आईने विचारलं, हे कसं आलं. टिल्लीने तिच्या पद्धतीने समजावलं. नुसतं झाकण ठेवलं की काहीच येत नाही, आलं तर मीठ येतं. शेजारी गरम पाण्याचा कप ठेवला आणि दार लावलं की थोड्या वेळाने फूल येतं. पाणी गार झालं की परत गरम करून आणायचं. नळाचं गरम पाणी चालतं, गॅसला हात लावला नाही. तिने तीन दिवस हे करून पाहिलं होतं.

“पण कशाला?”

टिल्लीने मान खाली घातली. मग एका दमात सांगायला गेली, पण दम पुरला नाही आणि वाक्याचे तुकडे झाले. “माझं फूल... खराब झालं बहुतेक. मला परत धाप लागते. रात्री. मी उशीत तोंड घालते म्हणजे... आवाज येत नाही. नवीन फूल आलं की मी बरी होईन ना? मग तुला... महाराजांना सांगावं लागणार नाही.”

तेव्हा आईने तिच्या छातीला कान लावला. आत शिट्टी वाजत होती. बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती.

दवाखान्यात टिल्लीला वाफेचा मास्क लावला. डॉक्टरीणबाईंनी घड्याळात बघत विचारलं की रोजचा पंप किती दिवस बंद आहे. पारेबाई म्हणाली, संपला होता, आणायचा राहिला. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. मास्कमधून टिल्ली आईकडे बघत होती. डोळे मोठे. त्या डोळ्यांसमोर ते खोटं दोन मिनिटंसुद्धा टिकलं नाही.

“संपला नव्हता,” ती म्हणाली. “मी टोपलीत टाकला.”

मग तिने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावतील असं तिला वाटलं होतं, आणि खरं तर त्यांनी रागवावं अशी तिची इच्छा होती. पण त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि सांगितलं की या औषधाचा परिणाम हळूहळू उतरतो, म्हणून पहिले काही दिवस मूल बरं दिसतं. त्या दिवसांचं श्रेय कुणीही घेऊ शकतं. “तुम्ही वेळेत आलात. आणखी कोण कोण काय काय सोडतंय, ते बघा. काही औषधं अशी असतात की ती सोडल्यावर तेवढा वेळही मिळत नाही.”

पारेबाईला ताईचं पोट आठवलं, चाळणी झालेलं.

ती तशीच इस्त्रीच्या दुकानात गेली आणि ताईला म्हणाली, रविवारी पेन टाकू नका, ते सगळं खोटं आहे. ताईने कॉलरवरून इस्त्री फिरवत शांतपणे ऐकून घेतलं. मग ती म्हणाली की आठ दिवसांपूर्वी याच जागी उभी राहून, याच तोंडाने, तू ते सगळं खरं आहे म्हणत होतीस. दोन्ही वेळा आवाज सारखाच ठाम. मी कुठल्या वहिनीवर विश्वास ठेवू? शिवाय घड्याळजींचं फूल मी डोळ्यांनी बघितलंय, आणि ते का आलं हे तुलाही सांगता येत नाहीये.

येत नव्हतं खरं. अजून नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी माल उतरवून झाल्यावर तिने फोर्कलिफ्टवाल्या काकांना थांबवून घेतलं. पत्र्याचा डबा, बर्फ, मीठ आणि मागून काळा रंग दिलेली काच तिने घरून आणली होती. आधी बियाण्यांच्या खोलीत. वहीत नोंद केली, छत्तीस टक्के. काचेवर कुणी हात धरला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. वीस मिनिटांनी काचेवर मीठ. तिने भिंग लावून पाहिलं तर एकेक कण सहा बाजूंचा, चपटा, फरशीच्या तुकड्यासारखा साधा.

काच पुसून, बर्फ बदलून तोच डबा फळांच्या खोलीत. त्र्याण्णव टक्के. काका म्हणाले, नुसतंच कशाला, कुणासाठी तरी करू. आणि त्यांनी गंभीर चेहऱ्याने आपल्या फोर्कलिफ्टचं नाव घेतलं, जिची क्लच प्लेट महिनाभर घसरत होती.

वीस मिनिटांनी काचेवर फूल आलं. फांदीला फांदी, तिला फांदी, टोकं काचेबाहेर.

“सोडलं,” काका म्हणाले. “गाडीने दुखणं सोडलं. आता मेकॅनिकला सोडायला हरकत नाही.”

पारेबाईला हसू आलं नाही. तिला ते वाढताना दिसलं होतं, आणि कसं वाढतं ते आता कळलं होतं. नऊ वर्षं जे दोन आकडे लिहिले, ते काचेवर उठून उभे होते. हवेतली वाफ गार काचेला लागते आणि पाणी न होता थेट बर्फ होते. हवा कोरडी असेल तर वाफ कणाकणाने येते, बर्फाला घाई नसते, तो सगळ्या बाजूंनी सारखा भरत साधा चपटा कण होतो. हवा ओली असली की वाफेची गर्दी होते. गर्दीत ज्याचा हात पुढे, त्याच्या हाती आधी पडतं, तसं कणाचे जे कोपरे पुढे आलेले, त्यांनाच वाफ आधी मिळते. ते धावत पुढे सुटतात, त्यांना नवे कोपरे फुटतात, तेही धावतात, आणि फांद्या होतात. फूल मनाचं नव्हतं. ते बादलीतल्या पाण्याचं होतं. दर रविवारी ते तिनेच शिंपडलं होतं.

रविवारी टिल्लीला तिने बरोबर आणलं, कारण पोरीला नजरेआड करायची तिची हिंमत नव्हती. दाराशी उभ्या फोर्कलिफ्टच्या सीटवर स्वेटरमध्ये गुंडाळून बसवलं. ताई पहिल्या रांगेत होती, पेन मुठीत.

महाराजांनी शिंपण करायला सांगितलं. पारेबाई बादली घेऊन पुढे आली आणि ती जमिनीवर न ओतता खाली ठेवून दिली.

“आज कृपेची बैठक बियाण्यांच्या खोलीत घेऊ,” ती म्हणाली. “देवाला खोली बदलली तर चालेल ना?”

गर्दीत कुजबुज झाली. महाराज हसले. त्यांनी समजावलं की माईची पोर दमली असेल, माई जरा शिणलीय, आणि शंका ही कोरड्या मनाची सख्खी बहीण असते. मग आवाज उतरवून तिच्यापुरतं बोलले. “पोरी, यंत्राने देव मोजतेस?”

“नाही, महाराज. ओलावा मोजते.”

घड्याळजी मध्ये पडले. आठवड्यापूर्वीच त्यांचं फूल आलं होतं, तेव्हा त्यांना कसली भीती? काकांनी डबा उचलून बियाण्यांच्या खोलीत ठेवला, गर्दी दारातल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पडद्यातून तिकडे सरकली, आणि घड्याळजींनी काचेवर हात धरला. वीस मिनिटं गेली. यंत्र घरघरत होतं.

काचेवर मीठ आलं.

“माझं मन आठ दिवसांत कोरडं झालं?” घड्याळजींनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच अपराधी भाव होता, आणि तो बघून पारेबाईला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

मग डबा फळांच्या खोलीत. बर्फ बदलला, काच पुसली, बादली जमिनीवर ओतली. या वेळी हात कुणाचाच नाही. सगळ्यांना काचेपासून चार पावलं मागे उभं केलं. फूल आलं. कुणासाठीही न आलेलं, तितकंच मोठं, तितकंच सुंदर.

महाराज म्हणाले की अविश्वासाने इथली हवा बिघडली आहे.

“हवा बरोबर आहे,” काका म्हणाले. “त्र्याण्णव टक्के. वहीत बघा.”

इथे लोकांनी हसायला हवं होतं, पण कुणी हसलं नाही. मागून एका बाईने पारेबाईवर ओरडून विचारलं, मग तुझी पोर बरी कशी झाली? तूच तर दारोदार सांगत होतीस. या प्रश्नाची ती गुरुवारपासून वाट बघत होती.

तिने सांगितलं. बरी झाली नव्हती. गुरुवारी दवाखान्यात होती. मी लपवलं. डॉक्टरांनाही आधी खोटंच सांगितलं. या दोन खोल्यांत काय फरक आहे ते महाराजांना मीच दाखवलं, आणि दर रविवारी पाणी मीच शिंपडलं. तुमच्यापैकी कुणाला हे कळायला मार्ग नव्हता. मला होता. माझ्या हातात वही होती. पण मला पोरीला बरं करायची इतकी घाई झाली होती की मी वहीकडे बघितलंच नाही.

मग ती थांबली. तिला भाषण येत नव्हतं. जे बोलली ते एवढंच. “कुणावरही विश्वास ठेवा, माझी हरकत नाही. पण औषध सोडायच्या आधी ते करून बघा. दोनदा करा. एकदा तो म्हणतो तसं आणि एकदा त्याची एक गोष्ट बदलून. खोली बदला, माणूस बदला, हात काढून घ्या. खरं असेल तर खोली बदलल्याने पळणार नाही. आणि आपल्या डोळ्यांनी बघितलं, एवढ्यावर थांबू नका. मीही डोळ्यांनीच बघितलं होतं.”

महाराजांनी काच पुसून पिशवीत टाकली, डबा बगलेत मारला आणि बर्फाचं पाणी सांडत ते निघून गेले. त्यांना कुणी अडवलं नाही, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. शिव्या द्यायला माणसाला स्वतःकडे न बघता दुसऱ्याकडे बघता यावं लागतं. लोक एकेक करून टोपलीशी आले. हात घालून आपापली गोळ्यांची पाकिटं शोधत होते, खिशात सरकवत होते, आणि एकमेकांकडे बघायचं टाळत होते. घड्याळजींना त्यांचं पाकीट सापडेना. शेवटी पारेबाईनेच ते शोधून दिलं. त्यांनी ते घेतलं, आणि डोकं खरंच हलकं वाटत होतं हो, असं जमिनीकडे बघत पुटपुटले. मालकांनी गुडघा चोळत रविवारची किल्ली तिच्याकडून परत मागून घेतली.

ताई अजून काचेच्या जागी उभी होती. काचेखालचा ओला चौकोन जमिनीवर दिसत होता. मुठीतलं पेन तिने उघडलं, कोटाचं बटण काढलं, आणि सगळ्यांसमोर, भिंतीकडे तोंडसुद्धा न करता, पोटाला टोचून घेतलं.

“तुझ्या सांगण्यावरून नाही हं,” ती म्हणाली. “तुझं मी एकदा ऐकलंय. काचेचं बघितलं म्हणून.”

“तेच बरोबर आहे, ताई.”

“बरोबर आहे म्हणून राग जातो असं नाही, वहिनी.” ताईने पेनाचं टोपण लावलं. “उद्या दुकानात येऊ नकोस. परवा ये.”

टोपलीच्या तळाशी आता फक्त सशाचा पंप उरला होता. पारेबाईने तो घेतला, पदार्थ विकत घेतल्यावर तारीख बघावी तशी त्याच्यावरची तारीख बघितली, तोंडाचा भाग स्वच्छ धुतला आणि टिल्लीला फोर्कलिफ्टवरून उतरवलं.

दोघी घरी चालत निघाल्या. दुपारचं ऊन भिंतींवर पसरलं होतं. गार खोलीतून बाहेर आल्यावर ते अंगाला जड वाटत होतं. टिल्ली पंप हलवून त्यात औषध किती आहे ते कानाशी धरून ऐकत होती. कोपऱ्यावर तिने आईला थांबवलं, पंप घेतला, दहापर्यंत श्वास धरला, सोडला. चढावर दोघी सावकाश चालल्या. आईने आज तिला चल लवकर असं एकदाही म्हटलं नाही.

अर्ध्या चढावर टिल्ली म्हणाली की फूल खोटं असलं तरी दिसायला छान होतं. आई म्हणाली, फूल खोटं नव्हतं गं. फूल खरंच होतं, त्याच्याबद्दल जे सांगितलं ते खोटं होतं. टिल्लीला हे पटलं असावं, कारण तिने मान डोलावली. आईचं बोट तिने घट्ट धरलेलं होतं.

मग, पुढे बघतच, रागाने नाही, नुसतं माहीत करून घ्यायचं म्हणून तिने विचारलं, “आई, रात्री मला उशीत धाप लागायची, तेव्हा तू जागी असायचीस ना?”